द फ्यूनेस–जिरो चित्रपट

अभिनेता लुई द फ्यूनेस (१९१४–१९८३) आणि दिग्दर्शक ज्याँ जिरो (१९२४–१९८२) यांनी १९६३ ते १९८२ या काळात मिळून केलेले बारा फ्रेंच विनोदी चित्रपट. द फ्यूनेस पन्नाशीला टेकला तरी दुय्यम भूमिकांतच अडकून होता. जिरोने त्याला ‘पुईक-पुईक’ (१९६३) मध्ये मध्यवर्ती भूमिका दिली. हा चित्रपट जिरो आणि जाक विलफ्रिद यांच्याच जुन्या नाटकावर बेतलेला होता.

पुढच्याच वर्षी ‘सँ-त्रोपेचा जांदार्म’ आला आणि १९६४ साली फ्रान्समध्ये सर्वाधिक चालला. जांदार्म म्हणजे खेडी व छोट्या शहरांत पोलिसांचे काम करणाऱ्या लष्करी दलाचा शिपाई. चित्रपट कृष्णधवल सुरू होतो. जांदार्म क्रुशोची (द फ्यूनेस) बदली समुद्रकाठच्या सँ-त्रोपेला झाली की पडदा रंगीत होतो. तिथे त्याच्या डोक्यात एकच खूळ शिरते: किनाऱ्यावर नागडे फिरणाऱ्यांना रंगेहाथ पकडायचे. धाड पडायच्या आत ती मंडळी कपडे चढवून साळसूदपणे बसलेली असतात. मग क्रुशो शिपायांकडून अंगावरचे कपडे झटपट उतरवण्याची रीतसर कवायत करून घेतो.

द फ्यूनेसचे सगळे मर्म क्रुशोत सापडते. वरिष्ठ जेर्बेरपुढे (मिशेल गालाब्रू) हा लोणी लावतो आणि पाठ फिरताच हाताखालच्यांवर खेकसतो. दोन्हींच्या मध्ये क्षणभर चेहरा थबकतो, आणि खरे हसू तिथे फुटते. असा नट कॅमेऱ्याच्या करामतींनी झाकला गेला असता. जिरोने त्याला आणि समोरच्या पात्राला एकाच चौकटीत मोकळे सोडले. समीक्षकांनी यालाच साधेपणाचा दोष मानले; तो मुळीच पटत नाही. जेरार उरीचे ‘ला ग्राँद व्हाद्रुय’सारखे (१९६६) भव्य चित्रपट द फ्यूनेसला मोठ्या पटावर नेतात, पण त्याचा रोजचा सराव जिरोकडे घडला.

जांदार्म मालिकेत एकूण सहा चित्रपट झाले. ‘जो’ (१९७१) मधला, घरातले प्रेत लपवताना कासावीस झालेला नाटककार या मालिकेबाहेरचा आणि माझ्या मते जोडीच्या उत्तम कामांपैकी एक.

१९७५ मध्ये द फ्यूनेसला हृदयविकाराचे झटके आले आणि धावपळीच्या भूमिकांवर मर्यादा पडल्या. तरी १९७९ पासूनचे त्याचे शेवटचे चारही चित्रपट जिरोबरचेच. मोलिएरच्या नाटकावरचा ‘लाव्हार’ (१९८०) दोघांनी एकत्र दिग्दर्शित केला. कंजूष आर्पागाँ साकारण्याची द फ्यूनेसची जुनी इच्छा होती. मालिकेच्या सहाव्या चित्रपटाचे काम चालू असतानाच जुलै १९८२ मध्ये जिरो वारला. उरलेले चित्रीकरण त्याचा सहकारी टोनी अबोयांत्झ याने पूर्ण केले, आणि चित्रपट त्याच शरद ऋतूत लागला. जानेवारी १९८३ मध्ये द फ्यूनेसही गेला. सँ-त्रोपेच्या जुन्या जांदार्म ठाण्यात २०१६ पासून जांदार्म दल व चित्रपटांचे संग्रहालय आहे.