पाखाडी ते नामचे : विरळ हवेची तयारी

गुहागरच्या आमच्या घराची ओटी समुद्रसपाटीपासून फार तर दहा मीटर उंचीवर असेल. परसातले माड संपले की पुळण लागते आणि पुळण संपली की समुद्र. या घरातून निघून एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत, म्हणजे ५,३६४ मीटर उंचीपर्यंत, चालत जायचे असे पत्नीने आणि मी ठरवले, तेव्हा भेटेल तो एकच सल्ला देऊ लागला : चढायचा सराव करा, दम वाढवा. सल्ला खोटा नव्हता. पण उंचीवर शरीरात जे घडते त्याचा त्यात निम्माच विचार होता, आणि उरलेला निम्मा विचार न करताच कितीतरी माणसे हिमालयाकडे निघतात, म्हणून हे लिहितो आहे.

सराव आम्ही आठ महिने केला. वरच्या वाडीकडे जाणारी जांभ्या दगडांची पाखाडी रोज पहाटे चढायची आणि उतरायची. पाठीवरच्या पिशवीत आधी चार किलो आणि मग आठ किलो तांदूळ. चढताना दम लागतो म्हणून माणसे चढण्यालाच व्यायाम समजतात, पण मांडीचे स्नायू खरे थकतात ते उतरताना, कारण शरीराचा भार तोलून धरताना ते आखडण्याऐवजी ताणले जात असतात. पहिल्या आठवड्यात पत्नीच्या मांड्या दुखल्या त्या उतारामुळेच. दोनदा रायगडावर जाऊन आलो. चौदाशेहून अधिक पायऱ्या मी न थांबता चढलो आणि ती मागून सावकाश, तीन ठिकाणी बसून आली. आपण तयार आहोत आणि तिची तयारी अजून व्हायची आहे, असे मला त्या दिवशी वाटले. ही समजूत सर्रास आढळते आणि ती चुकीची आहे. रायगड सुमारे ८२० मीटर उंच आहे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. सह्याद्रीत कुठेही चढा, तिथे परीक्षा होते ती पायांची आणि हृदयाची; विरळ हवेशी तिथे गाठच पडत नाही.

विरळ हवा म्हणजे काय, हे नीट पाहू. ‘वर ऑक्सिजन कमी असतो’ असे आपण म्हणतो, पण गुहागरच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण जसे सुमारे २१ टक्के, तसेच ते एव्हरेस्टच्या माथ्यावरही असते. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकाठी तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका असतो आणि एव्हरेस्टच्या तळावर सुमारे ४०० उरतो. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, जी मला स्वतःला फार विलक्षण वाटते. श्वासातली हवा फुप्फुसात पोहोचेपर्यंत शरीराच्या तापमानाला येते आणि बाष्पाने भरते, आणि या बाष्पाचा दाब कोणत्याही उंचीवर ४७ मिलिमीटरच राहतो. म्हणजे समुद्रकाठी ७६० मधून ४७ वजा होतात आणि तळावर ४०० मधूनही तेवढेच ४७. उरलेल्याचे २१ टक्के काढले, तर ऑक्सिजनचा दाब गुहागरात सुमारे १५० भरतो आणि तळावर सुमारे ७४, निम्म्याहूनही थोडा कमी. शरीराला त्रास होतो तो ऑक्सिजनच्या याच घटलेल्या दाबामुळे, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रयोगांनिशी दाखवले होते.

मग सह्याद्रीत काहीच का जाणवत नाही? याचे उत्तर रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या स्वभावात आहे. दाभोळ आणि धोपावे यांच्यामधली फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. धक्क्यावर दोनशे माणसे उभी असोत की दीडशे, बोट भरूनच सुटते. रांग एका मर्यादेखाली गेली, की मात्र ती रिकाम्या जागा घेऊन निघू लागते. फुप्फुसातल्या वायुकोशांत पोहोचेपर्यंत ऑक्सिजनचा दाब आणखी उतरून समुद्रकाठी १०० मिलिमीटरच्या आसपास येतो आणि रक्त ९७-९८ टक्के भरते. दाब ६० पर्यंत उतरला तरी भरणा ९० टक्क्यांच्या आसपास टिकतो. त्याखाली तो कड्यावरून घसरावा तसा घसरतो. साधारण २,५०० मीटरपर्यंत बहुतेकांना त्रास होत नाही, तो या राखीव सवलतीमुळे.

उंचीवर ही सवलत संपत आली, की मानेतल्या रोहिणीजवळच्या इवल्याशा संवेदी पेशींना ते कळते आणि त्या मेंदूला श्वास वाढवायला सांगतात. श्वास वाढल्याने ऑक्सिजन अधिक मिळतो, पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि मेंदू घाबरून श्वासाला लगाम घालतो. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडांचे. ती दोन-चार दिवसांत जादा बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातला अल्कधर्मी क्षार, लघवीवाटे काढून टाकतात आणि मग श्वास मोकळा वाढतो. उंचीवर लघवीला वारंवार जावे लागणे हे म्हणूनच सहसा सुचिन्ह असते. वर गेल्यावर नवे रक्त तयार होते आणि त्याने निभावते, असे पुष्कळांना वाटते. तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक काही तासांतच वाढते हे खरे, पण पुरेशा पेशी तयार व्हायला आठवडे लागतात. बारा दिवसांच्या मोहिमेत माणसाला तारतात ते मुख्यतः श्वास आणि मूत्रपिंडे. तरीही आधीचे रक्त चांगले हवेच. पत्नीचे हिमोग्लोबिन तपासणीत ११ निघाले, तेव्हा डॉक्टरांनी तिला चार महिने लोहाच्या गोळ्या दिल्या. आमच्या तयारीतली ही गोष्ट मला पाखाडीइतकीच मोलाची वाटते.

ही श्वास वाढवण्याची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते आणि तिचा दंडातल्या किंवा मांडीतल्या ताकदीशी संबंध नसतो. याचा मोठा पुरावा आपल्या देशातलाच आहे. १९६२ च्या युद्धकाळात सपाटीवरचे जवान थोड्या अवधीत उंच सीमेवर न्यावे लागले. त्यांतल्या आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला, आणि उंचीच्या आजाराचा विषय निघाला की तो आजही सांगितला जातो. हे जवान तरुण होते, कवायतीने कसलेले होते. तरीही त्यांना उंची बाधली. चपळ माणसाला धोका उलट जास्त, कारण शरीर जुळवून घेण्याआधीच त्याचे पाय त्याला वर नेऊन ठेवतात.

म्हणून साऱ्या जगातले डॉक्टर सांगतात, की ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंच नसावा आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस उंची वाढवू नये. दिवसा कितीही वर जाऊन या, मोजायची ती झोपण्याची जागा. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम लवकर घडवते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि इतरांनीही ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. कापराची पुडी हुंगल्याने नाकाला गारवा लागतो आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. आम्हाला अशा तीन पुड्या प्रेमाने मिळाल्या होत्या. त्या आम्ही देव्हाऱ्यात ठेवून निघालो.

विमानाने लुक्लाला, २,८६० मीटरवर, उतरलो आणि पहिला मुक्काम त्याहून खाली, फाकडिंगला २,६१० मीटरवर केला. दुसऱ्या दिवशी नामचे बाजार, ३,४४० मीटर. ही एका दिवसातली ८३० मीटरची चढण वर सांगितलेल्या नियमात बसत नाही, पण बहुतेक जण ती करतात आणि नामचेला दोन रात्री राहून भरपाई करतात. संध्याकाळी पिशवी उघडली तर कुळथाच्या पिठीचे बंद पाकीट उशीसारखे टम्म फुगलेले. आत गुहागरची हवा होती आणि बाहेरचा दाब तिथल्या दोन-तृतीयांशावर आला होता. खोलीत घाम मुळीच येत नव्हता, आणि कोकणातल्या माणसाला इथेच चकवा बसतो. आपण पाण्याची गरज घामावरून ओळखतो. तिथल्या कोरड्या हवेत प्रत्येक श्वासागणिक पाणी जात असते आणि ते दिसत नाही.

रात्री पत्नीने मला हलवून उठवले. माझा श्वास आधी खोल होत जायचा, मग उथळ होत थांबायचा आणि दहा-बारा सेकंदांनी धापेसह पुन्हा सुरू व्हायचा. ती मोजत बसली होती. मेंदूचा लगाम आणि ऑक्सिजनची निकड यांच्या ओढाताणीतून झोपेत असे होते. उंचीवर ते नेहमीचे आहे आणि एरवी धोक्याचे नाही. सकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर तिचा आकडा ९१ आणि माझा ८५. माझे डोके दुखत होते आणि खाण्यावरची वासना उडाली होती. ही उंचीच्या आजाराची सौम्य पायरी. मी सांगणार नव्हतो, पण रात्र तिने जागून काढली होती, म्हणून सांगितले. आमच्या शेर्पा वाटाड्याने मला फरशीवरच्या रेषेवर टाचेला अंगठा लावून चालायला लावले. तोल जाणे, बरळणे ही मेंदूला सूज येत असल्याची खूण, आणि बसल्या जागी धाप लागणे, ओला खोकला येणे ही फुप्फुसात पाणी साठत असल्याची. यांपैकी काहीही दिसले, तर मध्यरात्र असली तरी त्याच वेळी खाली उतरायला लागायचे असते. माझा तोल ठीक होता.

डोकेदुखी पूर्ण जाईपर्यंत वर जायचे नाही, असे ठरले. बेत दोन रात्रींचा होता, आम्ही तीन राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्नीने भटारखान्यात पिठी करायला घेतली. तिथे पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे ती शिजायला घरच्यापेक्षा बराच वेळ लागला आणि ती ढवळत उभी राहिली. मी दोन वाट्या प्यायलो. चौथ्या दिवशी सकाळी माझा आकडा ८९ होता, डोके हलके होते, आणि ३,८६० मीटरवरच्या तेंगबोचेच्या वाटेला आम्ही लागलो; पुढे ती, मागे मी, तिच्या चालीने.