ठोक्याचे पहिले काही मिलिसेकंद

मिक्सिंग करताना, म्हणजे मुद्रित ट्रॅक एकत्र जुळवताना, ड्रम दबलेला वाटला, तर त्याचा फेडर (पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर सरकवावा आणि तेवढ्याने भागले नाही तर कॉम्प्रेसर लावावा, असा एक रूढ समज आहे. प्रत्यक्षात फेडर वर नेला की मीटर चटकन शून्य डेसिबलच्या कमाल मर्यादेला टेकते, पण ठोक्याला जोर काही येत नाही. याचे कारण आपल्या श्रवणात आहे. आवाज किती मोठा हे ठरवताना कान साधारणपणे 100 ते 200 मिलिसेकंदांतील ऊर्जेचा एकत्रित हिशेब करतो. स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमवर काठी आदळताच उमटणारे टोक मात्र अवघ्या काही मिलिसेकंदांत ओसरते. मीटरला ते टोक प्रचंड दिसते, कानाला मात्र त्याने आवाज फारसा वाढल्यासारखा वाटत नाही. त्यातून पटते ती वाद्याची ओळख. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी 1948 मध्ये पॅरिस येथे घंटेच्या मुद्रणातील आरंभीचा आघात कापून टाकला, तेव्हा उरलेला नाद घंटेचा वाटेनासा झाला. या आरंभीच्या क्षणिक भागाला ट्रान्झिएंट म्हणतात.

तो घडवण्याचा जुना मार्ग म्हणजे कॉम्प्रेसर. ठरवून दिलेल्या थ्रेशोल्डच्या (उंबरठ्याच्या) वर पातळी गेली की हे यंत्र आवाज खाली ओढते आणि ही ओढ किती चपळ असावी, ते अटॅकच्या नॉबने ठरते. अटॅक 1 मिलिसेकंद ठेवल्यास टोकच चिरडले जाते आणि ठोका बोथट होतो. तोच 30 मिलिसेकंद ठेवल्यास टोक निसटून जाते, मागचा भाग दबतो आणि ठोका उलट धारदार वाटतो. मात्र थ्रेशोल्ड उणे 20 डेसिबलवर असेल, तर उणे 10 डेसिबलचा जोरकस ठोका बदलतो आणि उणे 26 डेसिबलचा हळुवार ठोका जसाच्या तसा राहतो. एकाच वादकाचे दोन ठोके अशा रीतीने दोन निरनिराळ्या स्वभावांचे होऊन बसतात.

या अडचणीवरचा उपाय एसपीएल या जर्मन कंपनीच्या ट्रान्झिएंट डिझायनर या उपकरणाने 1990च्या दशकाच्या अखेरीस लोकप्रिय केला, आणि माझ्या मते ध्वनितंत्रातील सर्वांत देखण्या युक्त्यांमध्ये त्याची गणना व्हावी. आत येणाऱ्या आवाजाच्या पातळीचा मागोवा दोन मंडले (सर्किट) एकाच वेळी घेतात. त्यांपैकी एक चपळ असते, ते ठोका पडताच जवळजवळ लगेच वर पोहोचते; दुसरे मुद्दाम सुस्त ठेवलेले असते, त्याला तिथवर जायला काही दशक मिलिसेकंद लागतात. पहिल्याच्या वाचनातून दुसऱ्याचे वाचन वजा केले की ठोक्याच्या आरंभी मोठा फरक मिळतो, आणि सुस्त मंडल मागून येऊन पोहोचले की तो फरक शून्याकडे जातो. हा फरक म्हणजेच ट्रान्झिएंट कोठे आहे याचा नकाशा! त्याच्या प्रमाणात गेन (आवाजाची वाढ) वाढवला की टोक उभारते, कमी केला की टोक बसते. मागोवा डेसिबलमध्ये घेतला असेल, तर डेसिबल हे लॉगॅरिथमवर आधारलेले असल्यामुळे या वजाबाकीचा अर्थ गुणोत्तर असा होतो. ठोका 16 डेसिबलने हळू पडला तरी दोन्ही वाचने सारखीच खाली येतात आणि फरक तेवढाच राहतो. त्यामुळे थ्रेशोल्डची गरजच उरत नाही. ठोक्यामागची गुंज लांबवायची किंवा आवरायची असेल, तर उतरताना वेगवेगळ्या गतीने उतरणारी मंडलांची दुसरी जोडी वापरली जाते.

चपळ मंडल किती चपळ असावे, यालाही मर्यादा आहे. किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम; 50 हर्ट्झच्या किकचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते आणि त्याचे ऋण अर्धे उलटून धन केले की दर 10 मिलिसेकंदांनी एक उंचवटा येतो. मंडल याहून झपाट्याने खाली उतरू लागले, तर ते ठोक्याच्या चढउताराऐवजी या उंचवट्यांचाच माग काढते. परिणामी गेन सेकंदाला 100 वेळा हिंदकळतो आणि किक खरखरीत होते.

सिंबलपाशी, म्हणजे ड्रमसंचातील धातूच्या झांजेपाशी, ही युक्ती अडखळते. काठी जोराने बसली की धातूच्या पातळ पत्र्यातील कंपने एकमेकांत गुंततात आणि कमी वारंवारतेची ऊर्जा हळूहळू वरच्या वारंवारतांकडे सरकते. 3 ते 5 किलोहर्ट्झच्या आसपासची झगझगीत लखलख आघातानंतर काही दशक मिलिसेकंदांनी भरात येते. त्यामुळे ट्रान्झिएंट डिझायनरवर क्रॅश सिंबलचा अटॅक, म्हणजे इथे टोकाची उंची, वाढवला की फुलते ती काठीची कोरडी टकटक, लखलख नव्हे. राइड सिंबलवर ठोके भराभर पडत असतील, तर सुस्त मंडल खाली उतरायच्या आतच पुढचा ठोका येतो आणि फरक नाममात्र उरतो.

192 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 1,92,000 नमुने घेऊन, मुद्रण केले की ट्रान्झिएंट अधिक नेमके येतात, हा प्रचार मात्र गांभीर्याने घेऊ नये. 44.1 किलोहर्ट्झवर दोन नमुन्यांमध्ये सुमारे 23 मायक्रोसेकंदांचे अंतर असते हे खरे. परंतु ऐकू येणाऱ्या पट्ट्यातील तरंगाचा शिखरबिंदू दोन नमुन्यांच्या मधोमध असला, तरी तो त्या नमुन्यांवरून अचूक उभा करता येतो.

त्यापेक्षा माइकच्या अंतराकडे लक्ष देणे अधिक फलदायी ठरते. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे स्नेअरजवळच्या माइकपेक्षा 1 मीटर दूर असलेल्या ओव्हरहेड माइकला (ड्रमसंचाच्या वर टांगलेल्या माइकला) तोच ठोका जवळजवळ 3 मिलिसेकंद उशिरा मिळतो. दोन्ही ट्रॅकवर अटॅक वाढवला, तर एकाऐवजी दोन टोके उभी राहतात. म्हणून आधी ट्रॅक सरकवून ती जुळवावीत, किंवा ओव्हरहेडवरील अटॅक उलट कमी करून स्नेअरचे टोक जवळच्या माइककडेच राहू द्यावे.