आधी वजन, मग चकाकी

वाहत्या नदीतील ट्राउट मासा आपल्या अन्नाचा बहुतांश भाग पाण्याच्या पृष्ठभागाखालीच मिळवतो. मे-फ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिस या कीटकांचे जवळजवळ सगळे आयुष्य तळाच्या दगडगोट्यांत जाते. पंख फुटल्यानंतर मे-फ्लाय काही तास, फार तर काही दिवस जगते. तळाशी राहणाऱ्या या बाल्यावस्थेतील कीटकाला सरसकट निम्फ म्हणतात, आणि त्याच्या धर्तीवर बांधलेल्या गळालाही फ्लाय फिशिंग, म्हणजे कृत्रिम कीटकाच्या गळाने मासेमारी, करणारे हेच नाव देतात. काही निम्फ एखाद्या विशिष्ट कीटकाची हुबेहूब नक्कल करतात, तर काही कोणत्याच कीटकासारखे दिसत नाहीत. चकाकता मणी, भडक नारिंगी दोरा, मोरपिसाचे लखलखते तंतू अशा साजाने ते माशाचे लक्ष वेधून घेतात. या दुसऱ्या प्रकाराला अट्रॅक्टर म्हणतात. त्यांच्या यशाचे श्रेय सहसा रंगाला दिले जाते, पण माझ्या मते त्यातला मोठा वाटा वजनाचा आहे.

पाण्याचा वेग सगळ्या खोलीवर सारखा नसतो. तळाच्या दगडांशी होणाऱ्या घर्षणामुळे खालचे पाणी मंदावते, आणि खडकाळ पात्रात तळालगतचा वेग कित्येकदा पृष्ठभागावरील वेगाच्या निम्म्याहूनही कमी असतो. दगडांवरून सुटलेले कीटक, मग ते प्रवाहाने उखडलेले असोत की स्वतःहून जागा सोडून निघालेले, या पाण्याबरोबर वाहत जातात. अंधार पडू लागला की त्यांचे प्रमाण वाढते. ट्राउट एखाद्या दगडाच्या आडोशाला संथ पाण्यात थांबतो, शेजारच्या वेगवान पाण्यातून आलेला घास टिपतो आणि पुन्हा जागेवर येतो. यामागे ऊर्जेचा चोख हिशेब असतो. कर्ट फॉश या अमेरिकी संशोधकाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कृत्रिम ओढ्यातील ट्राउट व त्याच्या जातभाईंच्या वाढीचा संबंध त्यांच्या थांबण्याच्या जागेतून मिळणाऱ्या निव्वळ ऊर्जेशी असल्याचे दाखवून दिले. पोहण्यात खर्च होणारी ऊर्जा वजा जाता जिथे सर्वाधिक शिल्लक उरते, त्या जागा सामर्थ्यवान मासे बळकावतात. म्हणूनच थोड्याशा अंतरावरून, पण भलत्याच उंचीवरून गेलेल्या घासासाठी मासा बहुधा हलत नाही.

गळ या मंद थरात पोहोचवणे हे खरे आव्हान आहे, कारण दोरा वेगवान थरातून खाली उतरतो आणि गळाला वर व पुढे ओढत राहतो. समजा, पाणी एक मीटर खोल आहे, प्रवाहाचा वेग सेकंदाला सरासरी ६० सेंटिमीटर आहे आणि गळ सेकंदाला २० सेंटिमीटर या वेगाने बुडतो. तळ गाठायला त्याला पाच सेकंद लागतील आणि तोवर तो तीन मीटर पुढे वाहून गेलेला असेल, म्हणजे ज्या माशासाठी तो टाकला त्याला मागे टाकून गेलेला असेल. यावर दोन उपाय आहेत: दोरा बारीक घेणे, म्हणजे पाण्याचा त्यावरील जोर घटतो, आणि गळाचे वजन वाढवणे.

इंग्लंडमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी या दुसऱ्या उपायाचा सुरेख वापर केला. त्यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू दोऱ्याऐवजी तांब्याच्या बारीक तारेने गळावर बांधले. तार बांधण्याचेही काम करी आणि बुडवण्याचेही. पुढे छिद्र असलेले धातूचे मणी आले. पितळेची घनता पाण्याच्या साधारण साडेआठ पट, तर टंगस्टनची १९.३ पट असते. एकाच आकाराचे पितळी आणि शुद्ध टंगस्टनचे मणी पाण्यात सोडले, तर टंगस्टनचा मणी सुमारे दीडपट वेगाने बुडतो. वेग वजनाच्या पटीत वाढत नाही, कारण वेगाबरोबर पाण्याचा अवरोधही वाढत जातो. शिसेही जड असते, पण पाणपक्षी ते गिळतात आणि विषबाधेने मरतात. हंसांच्या अशा मृत्यूंमुळेच ब्रिटनमध्ये १९८७ पासून मासेमारीतील शिशाच्या बहुतेक लहान वजनांवर बंदी आली.

असा निम्फ हातात घेऊन पाहावा. जेमतेम तीन मिलिमीटरचा मणी गळाच्या डोळ्याशी, म्हणजे दोरा ओवायच्या छिद्राशी बसवलेला असतो, त्यामागे नारिंगी दोऱ्याचे दोन-चार वेढे, मग मोरपिसाच्या तंतूंचे निमुळते अंग आणि त्यावर चढत गेलेली तांब्याची तार. गळ जिग पद्धतीचा, म्हणजे डोळ्याजवळ वाकवलेला असेल, तर मण्याच्या भाराने तो उलटतो आणि टोक वरच्या बाजूला राहते, त्यामुळे तो दगडांत कमी अडकतो.

आता चकाकीकडे वळू. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गेन यांनी हेरिंग गल पक्ष्याच्या पिल्लांवर प्रयोग केले, तेव्हा पांढरे पट्टे असलेल्या लाल काडीला पिल्लांनी पालकाच्या डोक्याच्या हुबेहूब प्रतिकृतीपेक्षाही अधिक चोची मारल्या. खऱ्या वस्तूतील मोजकी खूण अतिशयोक्त केली की प्राण्याचा प्रतिसाद खऱ्यालाही मागे टाकू शकतो, हे त्यातून कळले. अट्रॅक्टर निम्फकडे याच नजरेने पाहता येते: जाडसर निमुळते अंग, गडद छटा आणि एक ठळक ठिपका. त्यातच ट्राउटला हात नाहीत. संशयास्पद वस्तू तपासायची तर ती तोंडातच घ्यावी लागते. वाहत आलेली काडी किंवा पानाचा तुकडाही तो तोंडात घेतो आणि क्षणार्धात थुंकून टाकतो. निम्फलाही तो हेच करतो, म्हणून दोऱ्याची किंचितशी थबक जाणवताच काठी उचलावी लागते. तो क्षण हुकला, तर मासा येऊन गेल्याचे कळतही नाही.

मासा लागत नसला की रंग बदलण्याचा मोह होतो, पण वजन आधी तपासावे असे मी आग्रहाने सांगेन. गळ तळाला कधीच टेकत नसेल, तर तो माशाच्या डोक्यावरून निघून जात आहे. मणी मोठा घ्यावा किंवा गळ प्रवाहात आणखी वर टाकावा. तो सतत अडकत असेल, तर मणी लहान करावा, कारण तळावर खिळलेला निम्फ वाहत्या कीटकासारखा वागत नाही. अधूनमधून हलकासा टेकत, तळालगतच्या पाण्याच्याच गतीने तो जाऊ लागला आणि तरीही मासा फिरकला नाही, तर मग खुशाल रंग बदलावा.