क्रिटिकल थिअरी आणि आधुनिक वास्तुविचार

क्रिटिकल थिअरी ही जर्मनीत फ्रँकफर्टला १९२३ मध्ये सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सोशल रिसर्चमधून पुढे आलेली विचारधारा. याच संस्थेतल्या मॅक्स होर्कहायमर या तत्त्वज्ञाने १९३७ च्या निबंधात तिची मांडणी केली. समाज कसा आहे एवढंच सांगून थांबायचं नाही, तो तसा का आहे आणि त्यात फायदा कोणाचा होतो हेपण विचारायचं. आर्किटेक्चरला हा प्रश्न लावला की बिल्डिंग देखणी आहे, सोयीची आहे एवढ्यावर भागत नाही, जमीन कोणाची, पैसा कोणाचा तेही बघावं लागतं.

याच गटातला तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो १९६५ ला जर्मन वेर्कबुंडसमोर, म्हणजे डिझायनर, आर्किटेक्ट आणि उद्योजकांच्या संघटनेसमोर, फंक्शनॅलिझमवर (वस्तूचं रूप तिच्या उपयोगावरून ठरावं या विचारावर) बोलला तेव्हा त्याचा रोख हाच होता, की उपयोगाचं काय आणि बिनकामाचं काय हे समाजच ठरवत असतो.

सगळ्यात जोरदार धक्का मात्र दिला तो व्हेनिसमध्ये वास्तुकलेचा इतिहास शिकवणाऱ्या मानफ्रेडो ताफुरीने. १९६९ च्या लेखात त्याने सरळ लिहिलं की मॉडर्न आर्किटेक्ट नवा समाज घडवायला निघाले खरे, पण त्यांचं सगळं प्लॅनिंग शेवटी भांडवलशाहीच्याच कामी आलं. १९२० च्या दशकातल्या फ्रँकफर्टचंच बघा ना, शहराचा मुख्य आर्किटेक्ट अर्न्स्ट माय याने तिथे हजारो घरं बांधली, त्यात आर्किटेक्ट मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्कीने आखलेलं जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं किचन, प्रत्येक हालचाल मोजून बसवलेली, घरं खरंच चांगली होती, पण बाकीचं शहर आणि जमिनीचा बाजार होता तसाच राहिला. ताफुरी निराशावादी आहे असं बरेच जण म्हणतात, पण हे इतकं स्पष्ट बोलणारं कोणीतरी हवंच होतं.

वास्तुकलेचा इतिहासकार केनेथ फ्रॅम्प्टनने १९८३ मध्ये जरा वेगळी वाट धरली, क्रिटिकल रिजनॅलिझमची, म्हणजे आधुनिक राहूनही त्या-त्या जागेशी आणि हवामानाशी इमान राखणाऱ्या वास्तुकलेची. हे नाव त्याच्याआधी अलेक्झांडर त्झोनिस आणि लियान लफेव्हर यांनी वापरलं होतं. जागेचा उतार बुलडोझरने सपाट करू नका, हवामानाला एसीने गप्प बसवू नका, असं फ्रॅम्प्टनचं म्हणणं. फिनलंडमधल्या आर्किटेक्ट आल्व्हार आल्टोच्या सायनात्सालो टाउन हॉलचं उदाहरण तो देतो, विटांच्या खरखरीत जिन्यावरून चढून सभागृहात गेलं की पायाखाली एकदम गुळगुळीत लाकूड येतं, मानाची जागा आहे हे पावलांनाच कळतं.

याच संदर्भात आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचा मुंबईतला कांचनजंगा टॉवर (१९८३) नेहमी येतो. पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झोड अडवणाऱ्या, पण समुद्राचा वारा आत घेणाऱ्या त्याच्या दुमजली उंचीच्या गच्च्या म्हणजे जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचीच कल्पना. ताफुरीचा प्रश्न इथेही सुटत नाही, कारण हे सगळं सुख मिळतं ते कंबाला हिलवरच्या ३२ महागड्या फ्लॅट्सना.