बालकांतील हिरड्यांचे विकार

दातांभोवतीची हिरडी आणि दाताला जबड्यात धरून ठेवणारे तंतू व हाड यांना लहान वयात होणारे आजार. त्यांत सर्वाधिक आढळतो तो हिरड्यांचा साधा दाह, म्हणजे जिंजिव्हायटिस. दातांच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साचतो. तो निघाला नाही, तर हिरडी सुजते आणि ब्रश लागताच रक्त येते. हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले, तेव्हा 10 ते 21 दिवसांत साऱ्यांनाच दाह झाला आणि घासणे पुन्हा सुरू होताच तो ओसरला. मुलांतला दाहही असाच पूर्ण बरा होतो. दुधाच्या दातांभोवतीची हिरडी मुळातच लालसर व कडेला गोलसर असल्यामुळे निदान नुसत्या रंगावर होत नाही. रक्त येणे ही त्याहून भरवशाची खूण आहे. मुलाचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून उजेडात पाहिले, तर पटाशीच्या दातांच्या मुळाशी या थराची पिवळट-पांढरी रेघ घरीही दिसते. ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय घातक आहे. काही घरांत मुलांच्या हाती दिली जाणारी मशेरी तर तंबाखूच असते, तिला मंजन म्हणता येत नाही.

हाडाची झीज, म्हणजे पेरिओडाँटायटिस, मुलांत विरळा. तो दिसला की शरीरात अन्यत्र काही बिघाड आहे का, हे पाहावेच लागते, कारण या वयात आजाराचा प्रवास बहुधा शरीराकडून हिरडीकडे होतो. पापियाँ आणि लफेव्र या फ्रेंच वैद्यांनी 1924 मध्ये वर्णिलेल्या विकारात तळहात-तळपाय जाड व खवलेदार होतात, दुधाचे दात चार-पाच वर्षांच्या आतबाहेर हलून पडतात आणि पुढे कायमच्या दातांचीही तीच गत होते. कॅथेप्सिन-सी या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकातील हा दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत नात्यातील विवाहाची चौकशी निदानाला मदत करते. हाडे व दात नीट न घडण्याच्या हायपोफॉस्फेटेसिया या आनुवंशिक विकारात चित्र वेगळे असते: हिरडी जवळजवळ निरोगी दिसते, पण पाच वर्षांच्या आतच पुढचा दात अख्ख्या मुळासकट गळून पडतो. पडलेला दात पालकांनी टाकून न देता डॉक्टरांना दाखवावा, कारण न झिजलेले मूळ हाच इथे पहिला पुरावा असतो.

रक्तातील पांढऱ्या पेशी ठरावीक काळाने घटण्याच्या एका आजारात सुमारे 21 दिवसांच्या अंतराने तोंडात व्रण उठतात. ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, हिरड्या फुगतात आणि काहीही न लागता रक्त पाझरते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात साखर आटोक्यात नसली की दाह तीव्र होतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत हाडाची झीज लवकर सुरू होते. फिटसाठी दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनमुळेही हिरडी दातांवर चढते. तरीही ते औषध स्वतःहून बंद करायचे नसते.

उलट्या दिशेचा संबंध, म्हणजे हिरड्यांमुळे शरीराला होणारा अपाय, मुख्यतः प्रौढांत अभ्यासला गेला आहे आणि तो थेट मुलांना लावणे योग्य नाही. एका बाबतीत मात्र मुलांतही दक्षता आवश्यक आहे. सुजलेल्या हिरडीतून जिवाणू रक्तात शिरतात आणि कृत्रिम झडप किंवा दुरुस्त न केलेला, अंग निळे पाडणारा जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलाच्या हृदयाच्या अस्तराला संसर्ग होऊ शकतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2007 च्या सूचनांनुसार अशा अतिजोखमीच्या मुलांनाच दात काढण्यापूर्वी किंवा साफसफाईपूर्वी प्रतिजैविकाची मात्रा दिली जाते.

मुंबईत दातांची तपासणी मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात होते, तर शरीरातील मूळ आजारासाठी जावे लागणारी रुग्णालये, म्हणजे 1929 पासूनचे वाडिया बालरुग्णालय, के.ई.एम. आणि टाटा स्मारक रुग्णालय, ही तिन्ही परळ परिसरात आहेत. फिकट पडलेले, सतत ताप येणारे मूल फुगलेल्या हिरड्यांसह आले, तर दंतवैद्याने कीटण (दातांवर साचलेला कडक थर) काढण्याआधी रक्ताची संपूर्ण तपासणी लिहून द्यावी, कारण पांढऱ्या पेशी व रक्त गोठवणारे बिंबाणू (प्लेटलेट) घटलेले असताना केलेल्या साफसफाईने रक्तस्राव थांबेनासा होतो आणि संसर्ग पसरू शकतो.