सॅसमधल्या इम्पोर्टच्या पाथचा घोळ

सॅसमध्ये, म्हणजे कंपाइल होऊन साधं सीएसएस बनणाऱ्या स्टाइलच्या भाषेत, एका स्टाइलशीटमध्ये दुसरी 'इम्पोर्ट'ने आणायला गेलं आणि कंपायलरला ती सापडली नाही की 'कान्ट फाइंड स्टाइलशीट टू इम्पोर्ट' असा एरर येतो. बहुतेक वेळा फाईल जागेवरच असते, आपणच पाथ भलतीकडून मोजलेला असतो. सॅस पाथ मोजतं ते ज्या फाईलमध्ये ती ओळ लिहिलीय तिथून, प्रोजेक्टच्या रूटपासून नाही. समजा 'स्टाइल्स' फोल्डरात 'पेजेस' आणि 'हेल्पर्स' असे दोन फोल्डर आहेत आणि 'पेजेस'मधल्या 'होम'ला 'हेल्पर्स'मधली 'कलर्स' हवीय, तर '../हेल्पर्स/कलर्स' लिहायचं, आधी एक पायरी वर मग खाली. तिथे नाही मिळाली तरच ते लोड पाथमध्ये, म्हणजे आपण शोधायला सांगून ठेवलेल्या फोल्डरांत, बघतं, आणि हे लोड पाथ '--लोड-पाथ' ऑप्शनने देता येतात, '../../../' मोजत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

पार्शल फाईलचं, म्हणजे फक्त दुसऱ्या फाईलमध्ये आणायला लिहिलेल्या फाईलचं, नाव '_कलर्स' असलं तरी इम्पोर्ट करताना अंडरस्कोरही नको नि एक्स्टेन्शनही नको, फक्त एकाच फोल्डरात '_कलर्स' आणि 'कलर्स' दोन्ही ठेवू नका, नेमकी कुठली घ्यायची ते न कळून कंपायलर थांबतो. नुसतं फोल्डरचं नाव दिलं तर आतली '_इंडेक्स' उचलली जाते.

सगळ्यात छळवादी प्रकार म्हणजे इम्पोर्टच्या शेवटी '.सीएसएस' लावणं. सॅस त्याला साधा सीएसएस इम्पोर्ट समजतं आणि ओळ जशीच्या तशी पुढे ढकलतं, कंपाइल बिनबोभाट होतं, फाईल आत येतच नाही आणि मग ब्राउझरमध्ये ४०४, म्हणजे फाईल सापडली नाही असा एरर, दिसतो. विंडोजवरही स्लॅश पुढे झुकलेलाच लागतो. आणि अक्षरांचं कॅपिटल-स्मॉल चुकलं तर आपल्या विंडोज किंवा मॅक मशीनवर चालेल, लिनक्स सर्व्हरवर बिल्ड फुटेल.

२०१९ मध्ये डार्ट सॅस (सॅसचा मुख्य कंपायलर) १.२३ सोबत 'इम्पोर्ट'च्या जागी वापरायचं 'युज' आलं आणि २०२४ मध्ये १.८० पासून 'इम्पोर्ट' डेप्रिकेट झालंय, म्हणजे चालतं पण वापरू नका असं ठरलंय, त्यामुळे नवीन कोडमध्ये 'युज'च वापरा, पण पाथ शोधायची रीत तीच आहे, चुकलेला पाथ तिथेही चुकलेलाच राहतो.

इमेज आणि फॉन्टचं गणित मात्र उलटं. 'यूआरएल()'मधल्या पाथला सॅस हात लावत नाही, ब्राउझर तो तयार झालेल्या सीएसएस फाईलपासून मोजतो, म्हणून 'पेजेस'मधून बरोबर वाटणारा पाथ आउटपुट दुसऱ्या फोल्डरात गेला की मोडतो. वेबपॅक (प्रोजेक्टच्या फाईली एकत्र बांधणारं टूल) असेल तर 'रिझॉल्व्ह-यूआरएल-लोडर' लावून हे सुटतं, नाहीतर आउटपुट फाईल कुठे पडते ते बघून पाथ लिहायचा.