न सापडलेला हायड्रोजन

२४ ऑगस्ट २०११ रोजी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीनं सप्तर्षीतल्या वसिष्ठ आणि मरीचीच्या जवळ, एम १०१ या दीर्घिकेत एक नवा ठिपका टिपला. अंतर सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षं. तिथे एक श्वेतबटू तारा फुटला होता आणि त्या स्फोटाचा उजेड आपल्यापर्यंत पोचू लागून जेमतेम ११ तास झाले होते. इतका ताजा स्फोट हाती लागणं हे खगोलशास्त्रज्ञांचं भाग्यच. त्याचं नाव पडलं एसएन २०११एफई; एसएन म्हणजे सुपरनोव्हा, ताऱ्याचा प्रचंड स्फोट.

श्वेतबटू म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपल्यावर उरलेला गाभा. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याच्या तोडीचं, घटक मुख्यतः कार्बन आणि ऑक्सिजन. एकटा असला तर तो नुसता निवत जातो. फुटायला त्याला जोडीदार लागतो. हा जोडीदार हायड्रोजननं भरलेला साधा किंवा फुगलेला तारा असेल, तर त्याचा वायू ओढून घेत श्वेतबटू सूर्याच्या १.४ पट वस्तुमानापाशी, म्हणजे श्वेतबटूला पेलणाऱ्या कमाल वस्तुमानापाशी (चंद्रशेखर मर्यादेपाशी) पोचतो आणि फुटतो. नाहीतर जोडीदारही श्वेतबटूच असतो आणि दोघं फिरत फिरत एकमेकांत मिसळतात.

स्फोटात तारा पार उधळून जातो, त्यामुळे पुरावा शोधायचा तो प्रकाशातच. हा प्रकाश रंगांत फोडला की वर्णपटात ६१५ नॅनोमीटरच्या आसपास एक खोल, काळी खाच दिसते. ती सिलिकॉनची. प्रयोगशाळेत सिलिकॉनची हीच रेषा ६३५.५ला येते. मधला फरक सुमारे ३ टक्के, म्हणजे वायू आपल्या दिशेनं प्रकाशाच्या ३ टक्के वेगानं सुटलाय: सेकंदाला जवळपास १०,००० किलोमीटर! पहिल्या दिवसांच्या वर्णपटांत कार्बन आणि ऑक्सिजनही दिसले. फुटलेला तारा श्वेतबटूच होता, हे त्यावरून पक्कं झालं.

जोडीदाराचा छडा लागायला मात्र थांबावं लागलं. काही महिन्यांनी वायू विरळ होतो आणि थेट आतलं दिसू लागतं. शेजारी साधा तारा असता, तर स्फोटाच्या तडाख्यानं त्याच्या अंगावरचा बराच हायड्रोजन ओरबाडला गेला असता आणि त्याची तांबडी रेषा ६५६ नॅनोमीटरपाशी उमटली असती. नऊएक महिन्यांनी घेतलेल्या वर्णपटात ती नव्हती. असा हायड्रोजन असलाच, तर तो सूर्याच्या वस्तुमानाच्या हजाराव्या भागाहून कमी असणार. माझ्या मते दोन श्वेतबटूंच्या बाजूनं पारडं झुकवणारा हा फार वजनदार पुरावा आहे.

पण सगळ्यांची कहाणी एकच नाही. त्याच वर्षीच्या पीटीएफ११केएक्स या स्फोटाभोवती हायड्रोजन सापडला, तर एसएन २०२०ईवायजेभोवती हेलियम. श्वेतबटूंच्या अशा स्फोटांच्या तेजावरून विश्वाचं प्रसरण वेगावतंय हे कळलं, २०११चं भौतिकशास्त्राचं नोबेलही त्याच शोधाला मिळालं. म्हणून जन्मकथा वेगळी असली की तेजातही फरक पडतो का, आणि किती, हे आता एकेका वर्णपटातून तपासावं लागतंय.